लिपिड चाचणीसाठीचा रक्तनमुना

लिपिड चाचणीसाठीचा रक्तनमुना : कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि त्यांना वाहून नेणारे लिपोप्रोटीनचे कण मोजण्यासाठी शिरेतून घेतलेले रक्त. ते कसे घ्यावे, कसे न्यावे आणि मोजणी होईपर्यंत कसे राखावे, हेही या नोंदीत येते. मेद पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रक्तात ते प्रथिनांच्या वेष्टनातून फिरतात. एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल आणि जेवणानंतर दिसणारे कायलोमायक्रॉन हे या कणांचे मुख्य प्रकार. रक्त नळीत आले तरी त्यातली विकरे काम करीत राहतात. त्यामुळे अहवालावरचा आकडा किती खरा, हे बरेचसे यंत्र सुरू होण्याआधीच ठरते.

वर्धा जिल्ह्यात यंत्र सुरू होण्याआधीच्या या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि त्याला जोडून १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, तसेच सावंगी (मेघे) येथील १९९० सालचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, ही दोन्ही मोठी केंद्रे वर्धा शहराच्या आसपासच आहेत. तालुके मात्र आठ. उत्तर टोकाला आष्टी आणि कारंजा (घाडगे), दक्षिणेला हिंगणघाट आणि समुद्रपूर. गावात घेतलेल्या नमुन्याला पुष्कळदा प्रवास करावा लागतो, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो.

उपाशीपोटी आणि उपवास : लिपिड प्रोफाइलसाठी रुग्णाला ९ ते १२ तास उपाशी राहायला सांगण्याचा रिवाज आहे. साधे पाणी चालते. साखर-दुधाचा चहा चालत नाही. मराठी घरांत इथे एक गफलत हमखास होते. ‘उपाशी या’ असे सांगितले की काहींना उपवास आठवतो, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते! दाण्याचे कूट आणि तूप पोटात गेले की पुढचे काही तास ट्रायग्लिसराइड चढत राहते. म्हणून ‘रात्री जेवल्यानंतर पाण्याशिवाय काहीही घेऊ नका’ हे पूर्ण वाक्य सांगणे चांगले.

उपाशी राहणे प्रत्येक वेळी गरजेचे असते असे नाही. युरोपातील तज्ज्ञसंस्थांनी २०१६ साली दिलेल्या एकमतानुसार नेहमीच्या तपासणीला न-उपाशी नमुना चालतो. रोजच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरीने जास्तीत जास्त २६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढते आणि एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ८ ने घटते, असे त्यात नोंदवले आहे. ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा तपासण्याचा विचार करावा, असेही त्यात आहे. मजुरीवर जाणाऱ्याला आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला ही सवलत मोलाची आहे. मात्र नमुना उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, हे अर्जावर लिहिलेले हवे.

न लिहिल्यास काय होते, हे हिशेबावरून कळते. फ्रीडवाल्ड यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसह मांडलेल्या सूत्रात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएल मिळते. समजा, कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड १५०. तर एलडीएल १३८. त्याच माणसाचे ट्रायग्लिसराइड खाण्यामुळे २४० वर गेले, बाकीचे आकडे तेच राहिले, तर एलडीएल १२० निघते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरतच नाहीत.

सुई टोचताना : माणूस उभा असला की रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि मोठे कण दाट होतात. चालत किंवा सायकलने आलेल्याला थोडा वेळ बसवून, दरवेळी त्याच स्थितीत रक्त घ्यावे. दंडावरचा पट्टा एक मिनिटाच्या आत सोडावा. तो जास्त वेळ आवळलेला राहिला तरी कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते. हृदयविकाराचा झटका आल्यास पहिल्या २४ तासांत रक्त घेतलेले बरे, कारण त्यानंतर कोलेस्टेरॉल काही आठवडे खाली राहू शकते. वेळेची अशी ओढ प्रत्येक आजाराची वेगळी. हत्तीरोगावर दीर्घ काळ संशोधन झालेल्या सेवाग्रामात हे नवे नाही : त्या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्री रक्तात येतात, म्हणून नमुनाही रात्रीच घ्यावा लागतो.

नळी : लाल टोपणाच्या साध्या किंवा पिवळ्या टोपणाच्या जेलयुक्त नळीत रक्त गोठून सीरम मिळते. जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए रक्त गोठू देत नाही. त्यात प्लाझ्मा मिळतो. ईडीटीए पेशींतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे प्लाझ्मातले कोलेस्टेरॉल सीरमपेक्षा सुमारे ३ ते ५ टक्के कमी भरते. म्हणून एकाच रुग्णाचा पाठपुरावा करताना नळीचा प्रकार बदलू नये. नळीवरचे नाव आणि क्रमांक रुग्णासमोरच, रक्त घेतल्याबरोबर लिहावा.

पेशींपासून फारकत : साध्या नळीतले रक्त अर्धा ते पाऊण तास सरळ उभे ठेवून गोठू द्यावे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे. सीरम पेशींपासून तीन तासांच्या आत वेगळे झालेले उत्तम. गावच्या शिबिरात काळजी घ्यावी लागते ती इथेच. प्रयोगशाळा लांब असेल आणि छोटे सेंट्रिफ्यूज मिळत असेल, तर सीरम तिथेच वेगळे करून थंड पेटीतून पाठवणे सर्वांत चांगले. न फिरवलेले रक्त बर्फाला थेट टेकवू नये. तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लालसर होते. लसीच्या पेटीत आइसपॅक आणि नळ्या यांच्यामध्ये कापडाचा किंवा स्पंजचा थर हवा. पेटी गाडीच्या तापलेल्या डिकीत न ठेवता सावलीत, माणसाजवळ ठेवावी.

साठवण : वेगळे केलेले सीरम ४ अंशांवर साधारण चार दिवस टिकते, उणे २० वर काही आठवडे, त्याहून लांबच्या अभ्यासासाठी उणे ७० किंवा त्याखाली ठेवतात. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर या कामाला चालत नाही, कारण त्याचे तापमान मधूनमधून वर जाते. लाइन गेली तर फ्रीजर किती तास बंद होता, याची नोंद वहीत हवी. नमुना सुरुवातीलाच छोट्या कुप्यांत वाटून ठेवला, तर एकाच कुपीला पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे टळते.

काही रुग्णांचे सीरम दुधासारखे पांढरे असते. अशी नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली की कायलोमायक्रॉन असल्यास वर सायीसारखा थर जमतो. व्हीएलडीएल असल्यास खालचे सीरम गढूळच राहते. हे पाहायला यंत्र लागत नाही.

नाजूक रेणू : एकूण कोलेस्टेरॉल तुलनेने टिकाऊ असते. लायपेज विकरांमुळे वाढणारी मुक्त मेदाम्ले, पेशींतून आणि प्लेटलेटांतून सुटणारे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, तसेच हवेने बदलणारी बहुअसंतृप्त मेदाम्ले यांना मात्र उशीर सोसत नाही. शेकडो लिपिड एकाच वेळी मोजणाऱ्या लिपिडोमिक्समध्ये म्हणूनच प्लाझ्मा लगेच थंड करून वेगळा करतात आणि गरजेनुसार ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य घालतात. फोल्च यांनी सहकाऱ्यांसह १९५७ साली मांडलेल्या पद्धतीत क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल २:१ या प्रमाणात घेऊन मेद काढले जातात. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधले पदार्थ विरघळवून नमुन्यात आणतो. त्यामुळे इथे काच बरी.

गोठवलेला नमुना मोजण्यापूर्वी पूर्ण वितळू द्यावा आणि कुपी हलक्या हाताने अनेकदा उलटी-सुलटी करावी. वितळताना पाणी आणि मेदयुक्त कण यांचे थर पडतात. न मिसळता वरून घेतलेला थेंब आणि तळातला थेंब एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे देतात.