आता कोणाला आणायचं?

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या लिंकन शहरात सिन्सिल बँक नावाचं मैदान आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या लिंकन सिटी फुटबॉल क्लबचं ते घर. संघ लागोपाठ चार-पाच सामने हरला, की इथल्या पबमध्ये, बसथांब्यावर, गॅलरीच्या पायऱ्यांवर एकच विषय उरतो: आता कोणाला आणायचं? कोणी जुन्या कर्णधाराचं नाव घेतो. कोणाला शेजारच्या क्लबने नुकताच काढलेला अनुभवी माणूस हवा असतो. कोणी सांगतो, दोन पायऱ्या खालच्या लीगमध्ये एक तरुण आहे, त्याचा संघ जाऊन बघा. खालच्या डिव्हिजनमधल्या कोणत्याही गावात हेच ऐकू येईल. हा वाद खेळाच्या जन्माइतकाच जुना वाटतो, पण तसा तो नाही. चाहत्यांच्या पहिल्या पिढीला हा प्रश्न पडणंच शक्य नव्हतं, कारण तेव्हा बदलायला मॅनेजर नावाचा माणूसच नव्हता.

संघ निवडायची ती कमिटी. गावातले गिरणीमालक, वकील, व्यापारी आठवड्यातून एकदा बसत आणि अकरा नावांवर मतं घेत. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली आणि कामं वाढली. पगार द्यायचे, करार करायचे, रेल्वेची तिकिटं काढायची, स्कॉटलंडमधून खेळाडू शोधून आणायचे. हे सगळं फावल्या वेळात होईना. म्हणून १८८६ च्या जून महिन्यात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिलाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: मॅनेजर पाहिजे, पूर्ण वेळ काम, वर्षाला १०० पौंड, आणि काम कमिटीच्या हुकमाखाली. दीडशेच्या आसपास अर्ज आले. निवड झाली ती क्लबचाच जुना कर्णधार जॉर्ज रॅमसे याची. ‘आपलाच माणूस घ्या’ हा आजच्या चाहत्यांचा हट्ट पहिल्याच नेमणुकीत पुरा झाला होता, असं म्हणायला हरकत नाही.

पण त्या जाहिरातीतली कमिटीच्या हुकमाची अट पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सुटली नाही. हे लोक सेक्रेटरी-मॅनेजर म्हणवले जात. संडरलंड आणि लिव्हरपूल या दोन क्लबांना मिळून पाच वेळा लीग जिंकून देणारा टॉम वॉटसन त्यांच्यातला सर्वांत यशस्वी. तरी बहुतेक क्लबांत अंतिम शब्द संचालकांचाच चाले. प्रेक्षक तेव्हाही हजारोंनी येत, चिडत, शनिवारी संध्याकाळी निघणारे खेळाचे खास अंक वाचून भांडत. भांडण मात्र सेंटर-फॉरवर्डवरून, गोलकीपरवरून, नाहीतर थेट संचालकांच्या नावाने होई. हरण्याचा दोष ज्याच्या माथी मारावा असा मधला माणूस अजून घडलेला नव्हता.

तो घडवला हर्बर्ट चॅपमनने. त्याची सुरुवात एका गरीब, तळाशी रुतलेल्या क्लबमध्ये झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९०७ मध्ये तो नॉर्दम्प्टन टाउनचा खेळाडू-मॅनेजर झाला, तेव्हा हा संघ सदर्न लीगच्या तळाला होता. दोन हंगामांत त्याने विजेतेपद मिळवलं. पुढे हडर्सफील्डला लागोपाठ दोन लीग जिंकून दिल्या आणि १९२५ मध्ये तो आर्सेनलला गेला. तिथे अध्यक्षांनी जाहिरातीतच बजावलं होतं की खेळाडू खरेदीवर वारेमाप खर्च करू पाहणाऱ्याने अर्ज करू नये. चॅपमनने संघ निवड, डावपेच, खरेदी, सराव असं सगळं स्वतःकडे घेतलं. जानेवारी १९३४ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, तोपर्यंत मॅनेजर म्हणजे काय याची कल्पनाच बदलली होती.

संचालकांनी या बदलातून आपल्या सोयीचा धडा घेतला. सत्ता एका माणसाकडे असेल, तर अपयशही त्याच्याच नावावर टाकता येतं. खेळाडू विकत घ्यायला पैसा लागतो, नवं स्टँड बांधायला त्याहून जास्त. मॅनेजर काढायला एक बैठक पुरते. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदानं भरून वाहिली, मग पन्नासच्या दशकात गर्दी ओसरू लागली आणि हकालपट्ट्यांचा वेग वाढला. १९५९ मध्ये स्कन्थॉर्पने बिल लॅम्ब्टनला नेमलं आणि तीन दिवसांत त्याचं पर्व संपलं. अर्ध्या शतकाने, मे २००७ मध्ये, टॉर्कीने लेरॉय रोसेनियरची नेमणूक जाहीर केली आणि जेमतेम दहा मिनिटांत क्लब नव्या मालकांकडे गेल्यामुळे ती रद्द झाली.

तरीही खालच्या डिव्हिजनमध्ये फार काळ एक निवांतपणा टिकून होता. १९५८ मध्ये चौथा डिव्हिजन सुरू झाला. त्याच्या तळाच्या चार क्लबांना लीगमध्ये राहण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागे, आणि बाकीचे क्लब त्यांना बहुधा मत देऊन टाकत. हार्टलपूल्स युनायटेड अशा अर्जांना सरावलेला होता. १९६५ मध्ये तिथे तीस वर्षांचा ब्रायन क्लफ आला. त्याने संघाची बस चालवायचा परवाना काढला, कामगारांच्या क्लबांत फिरून पैसे गोळा केले, त्याला काढू पाहणाऱ्या अध्यक्षालाच पायउतार व्हावं लागलं. दोन वर्षांत तो डर्बीला गेला आणि त्याने उभारलेला संघ १९६८ मध्ये प्रथमच वरच्या डिव्हिजनमध्ये चढला.

१९८७ मध्ये हा निवांतपणा संपला. मतदान बंद झालं. शेवटचा क्लब थेट लीगबाहेर जाणार असं ठरलं. पहिला बळी लिंकन सिटी. हंगाम सरत असताना मॅनेजर काढून एका खेळाडूच्याच हाती संघ दिलेला होता. ९ मे रोजी लिंकन स्वॉन्झीत ०-२ हरला. त्याच वेळी, तळाशीच अडकलेल्या टॉर्कीच्या मैदानावर पोलिसांचा कुत्रा एका खेळाडूला चावला, त्यावर उपचार झाले, तो वेळ वाढीव धरला गेला आणि त्या वाढीव मिनिटांत टॉर्कीने बरोबरीचा गोल केला. गोलफरकावर लिंकन बाहेर पडलं. त्यानंतर कोणाला आणायचं हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा राहिला नाही. चुकीचं उत्तर आलं तर गावाची लीगमधली जागा जात होती. लिंकनने आपला जुना मॅनेजर कॉलिन मर्फी परत बोलावला आणि एका वर्षात जागा परत मिळवली.

याच सुमारास चाहत्यांना आवाज मिळाला. त्याआधी समर्थकांच्या राष्ट्रीय महासंघाचं ब्रीदच ‘मदत करा, अडथळा आणू नका’ अशा अर्थाचं होतं. डबे फिरवा, स्टँडच्या छपरासाठी वर्गणी काढा, पण कारभारात बोलू नका. ऐंशीच्या दशकात चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पत्रिका मैदानाबाहेर विकल्या जाऊ लागल्या, १९९१ मध्ये बीबीसीवर प्रेक्षकांच्या फोनचा ‘सिक्स-ओ-सिक्स’ कार्यक्रम आला. १९९२ मध्ये नॉर्दम्प्टनला, म्हणजे चॅपमनच्याच जुन्या क्लबमध्ये, समर्थकांनी ट्रस्ट स्थापला आणि त्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी संचालक मंडळात बसला.

सर्वांत धाडसी प्रयोग केंट परगण्यातल्या एब्सफ्लीट युनायटेडमध्ये झाला. २००८ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरून क्लब विकत घेतला. संघही सभासदांनीच मतदानाने निवडायचा, असं आश्वासन होतं. प्रत्यक्षात विचारणा झाली, तेव्हा सभासदांनी प्रचंड बहुमताने निवडीचा अधिकार प्रशिक्षक लिअम डेश यांच्याकडेच ठेवला. त्या मे महिन्यात संघाने वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी जिंकली. पुढे सभासद गळत गेले आणि २०१३ मध्ये क्लब विकला गेला. मला यात चाहत्यांचं शहाणपण दिसतं. त्यांना संघ निवडायचा नव्हता, तो निवडणारा माणूस कोण असावा यात आपलं मत धरलं जावं, एवढंच हवं होतं.

हा सगळा वाद व्यर्थ आहे, असं म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत. हॉलंडच्या वरच्या लीगच्या १९८६ ते २००४ या हंगामांचा अभ्यास झाला. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतात, पण तितक्याच वाईट स्थितीत मॅनेजर न काढणारे संघही तसेच सावरतात, असं त्यात दिसलं. हा निष्कर्ष मी मानतो. फक्त तो वरच्या लीगचा आहे. जिथे खेळाडू शोधणारं खातं नाही, दोन-चार माणसांवर सगळा कारभार चालतो, तिथे एका माणसाचं वजन वेगळं असतं. ॲल्फ रॅमसेने १९५५ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असलेलं इप्सविच हाती घेतलं आणि १९६२ मध्ये त्याला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. तो इंग्लंडचा मॅनेजर झाला तेव्हा कुठे राष्ट्रीय संघाची निवड कमिटीच्या हातून सुटली.

लिंकनला तर हे स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. १९७२ मध्ये दुखापतीने खेळ सुटलेला अठ्ठावीस वर्षांचा ग्रॅहम टेलर तिथे मॅनेजर झाला आणि १९७६ मध्ये संघाने ३२ विजय, १११ गोल आणि ७४ गुणांसह चौथा डिव्हिजन जिंकला. विजयाला दोनच गुण मिळत त्या काळातला हा विक्रम आहे. २०११ मध्ये क्लब पुन्हा लीगबाहेर गेला. पाच वर्षांनी डॅनी आणि निकी काउली हे एसेक्समधल्या शाळेत व्यायाम शिकवणारे भाऊ आले. पहिल्याच हंगामात संघ लीगमध्ये परतला, शिवाय बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवून एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला. लीगबाहेरच्या क्लबला हे १९१४ नंतर जमलेलं नव्हतं. २०१९ मध्ये त्यांनी लीग टू, म्हणजे पूर्वीचा चौथा डिव्हिजन, जिंकून दिली आणि सप्टेंबरात दोघे हडर्सफील्डला गेले, चॅपमन जिथे राज्य करून गेला त्याच क्लबमध्ये. लिंकनमध्ये पुन्हा नावांची चर्चा सुरू झाली. क्लबने मायकल ॲपल्टनला आणलं, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या पायरीवर चढण्याच्या अंतिम सामन्यात लिंकन वेम्ब्लीवर ब्लॅकपूलकडून एका गोलने हरलं.