लोहाभावजन्य रक्तक्षय

लोहाभावजन्य रक्तक्षय म्हणजे शरीरातील लोहाचा साठा संपत आल्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी होणे होय. रक्तक्षयास पंडुरोग असेही म्हणतात. बोलण्यात ‘अंगात रक्त कमी असणे’ हा शब्दप्रयोग प्रचलित आहे आणि ॲनिमिया हा इंग्रजी शब्दही मराठीत रूढ झाला आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी लोहाची कमतरता हे जगभर सर्वाधिक आढळणारे कारण मानले जाते. लहान मुले, किशोरवयीन मुली, पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि गर्भवती यांच्यात हा विकार विशेषकरून दिसतो. तो हळूहळू वाढत असल्याने शरीर त्याच्याशी जुळवून घेते. त्यामुळे थकवा हा आळस, कामाचा शीण किंवा बाईमाणसाचे नेहमीचेच दुखणे समजला जातो व निदान लांबते. वेळीच ओळखल्यास हा विकार बहुधा पूर्ण बरा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया व २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६७ टक्के होते. महाराष्ट्रातील आकडे स्त्रियांसाठी ५४ टक्के आणि बालकांसाठी सुमारे ६९ टक्के असे आहेत. या आकड्यांत केवळ लोहाभावाचाच नव्हे, तर सर्व प्रकारच्या रक्तक्षयाचा समावेश होतो.

शरीरातील लोहाचा व्यवहार

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील बहुतांश लोह तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असते. उरलेले यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत फेरिटिन या प्रथिनाच्या स्वरूपात साठवलेले असते. हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो सर्व अवयवांना पोहोचवते.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतील लोह वाया न जाता नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. नव्या पेशींना रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. ते जवळजवळ सर्व या पुनर्वापरातूनच मिळते. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दररोज फक्त १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह बाहेर जाते व तेवढेच अन्नातून भरून काढावे लागते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून किती लोह शोषले जावे हे ठरवते.

जादा लोह शरीराबाहेर टाकण्याची वेगळी सोय शरीरात नाही आणि रक्तस्राव झाल्यास मात्र साठा झपाट्याने घटतो. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेल्यास महिन्याला ३२ ते ४० मिलिग्रॅम लोह कमी होते. म्हणजेच रोजच्या गरजेत १ मिलिग्रॅमहून अधिक भर पडते आणि ती जवळपास दुप्पट होते.

कारणे

लोहाभाव पुढील कारणांनी उद्भवतो. एकाच व्यक्तीत त्यांपैकी अनेक कारणे एकत्र असू शकतात.

• रक्तस्राव : पाळीत अतिरक्तस्राव, गर्भाशयातील गाठी, मूळव्याध, जठरातील व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घकाळ वापर, आतड्याचा कर्करोग. आतड्यातील रक्तस्राव थोडा थोडा होत असल्यास तो डोळ्यांना दिसत नाही.

• वाढलेली गरज : गर्भारपणात एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. लागोपाठच्या बाळंतपणांत साठा भरून येण्यास अवधी मिळत नाही. बाल्यावस्था व किशोरवय यांतील जलद वाढीतही गरज वाढते.

• अपुरा आहार : कुटुंबात सर्वांत शेवटी व उरलेले जेवण्याची स्त्रियांची रीत, तसेच सहा महिन्यांनंतरही बाळाला केवळ दुधावर ठेवणे, यांमुळे लोह कमी पडते.

• अपुरे शोषण : सिलिॲक विकार, जठराची शस्त्रक्रिया, आम्लता कमी करणाऱ्या औषधांचे दीर्घकाळ सेवन.

• कृमी : अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. त्यांच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात.

लक्षणे

सुरुवातीला कोणतेही लक्षण नसते. पुढे थकवा, जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधड, चक्कर, डोकेदुखी, हातपाय गार पडणे आणि लक्ष न लागणे ही लक्षणे दिसतात. खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ, नखे व तळहात फिकट दिसतात. केस गळतात, तोंडाचे कोपरे चिरतात आणि जीभ गुळगुळीत होते. दीर्घकालीन लोहाभावात नखे चमच्यासारखी खोलगट होऊ शकतात.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख किंवा कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा हे या विकाराचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. मुलांच्या व गर्भवतींच्या अशा सवयीला खोड समजून रागावण्याऐवजी त्यांचे रक्त तपासून घेणे हिताचे ठरते. लोहाचा साठा भरून आल्यावर ही इच्छा बहुधा आपोआप नाहीशी होते.

परिणाम

बालवयातील लोहाभावाचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्याने आकलन, स्मरण व एकाग्रता मंदावते आणि अगदी लहान वयात झालेली हानी पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नसते. वर्गात पेंगणारे किंवा मागे पडणारे मूल मंदबुद्धीचे नसून रक्तक्षयग्रस्त असण्याची शक्यता असते. गर्भवतीला रक्तक्षय असल्यास मुदतपूर्व प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. प्रसूतीच्या वेळी निरोगी स्त्री सहन करू शकेल एवढा रक्तस्रावही अशा स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. तीव्र रक्तक्षयात हृदयावर ताण येऊन ते निकामी होऊ शकते.

निदान

हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात किती ग्रॅम आहे, यावरून रक्तक्षय ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांत १३ पेक्षा कमी आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ पेक्षा कमी प्रमाण हा रक्तक्षय होय. गर्भवतींसाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ११ आहे. सर्व रक्तपेशींच्या तपासणीत तांबड्या पेशी लहान व फिकट दिसतात. फेरिटिनच्या चाचणीने साठ्याचा अंदाज येतो. मात्र शरीरात दाह किंवा संसर्ग असल्यास साठा कमी असूनही फेरिटिन वाढलेले दिसू शकते.

थॅलॅसेमियाच्या वाहकांतही तांबड्या पेशी लहान असतात. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो. या रुग्णांत लोहाची कमतरता असेलच असे नाही. त्यामुळे रक्तक्षय दिसताच परस्पर लोहाच्या गोळ्या घेत राहणे योग्य नव्हे.

लोहाभाव सिद्ध झाल्यावर त्याचे मूळ कारण शोधणे हा निदानाचाच भाग आहे. विशेषतः पुरुष व पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्यात आतड्यातील रक्तस्रावाचा तपास करावा लागतो. शौचावाटे रक्त जाते ते मूळव्याधीमुळेच, असे गृहीत धरल्याने कर्करोगाचे निदान लांबू शकते.

उपचार

लोहाच्या गोळ्या हा मुख्य उपचार आहे. रिकाम्या पोटी घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. पण मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घेण्यास हरकत नाही. चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ती घेऊ नये. लिंबाचे सरबत मात्र चालते. काळी शौच, बद्धकोष्ठ व पोटात जळजळ हे परिणाम संभवतात. शौचाचा काळा रंग या औषधामुळे येत असून तो निरुपद्रवी असतो. मात्र शौच डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त असल्यास ते रक्तस्रावाचे चिन्ह असू शकते.

काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढते व बरे वाटू लागते. याच टप्प्यावर अनेक जण गोळ्या सोडून देतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी औषध आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवावे लागते. अन्यथा विकार उलटतो. गोळ्या सोसत नसल्यास, शोषण होत नसल्यास किंवा प्रसूती जवळ आल्यास शिरेवाटे लोह देतात. अतितीव्र रक्तक्षयात रक्त चढवावे लागते. लोहाच्या गोळ्या लहान मुलांनी एकदम खाल्ल्यास प्राणघातक विषबाधा होऊ शकते, म्हणून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

आहार

मांस, मासे व यकृत यांतील लोह सहज शोषले जाते. धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या, तीळ व अळीव यांतील लोह त्या मानाने कमी प्रमाणात शोषले जाते, पण सोबतच्या पदार्थांनी त्यात बराच फरक पडतो. लिंबू, आवळा, पेरू व टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व शोषण वाढवते. मोड आणल्याने व आंबवल्याने धान्य-कडधान्यांतील फायटेट हा अडथळा आणणारा घटक कमी होतो. म्हणून मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे ही केवळ चवीची बाब नाही. जेवणाबरोबरचा चहा मात्र लोहाचे शोषण लक्षणीय घटवतो. दोहोंत किमान तासाभराचे अंतर असावे.

लोखंडी कढईत, विशेषतः आंबट पदार्थ शिजवल्यास, अन्नात लोह उतरते. बाजरीत नाचणीपेक्षा लोह अधिक असते. नाचणीचे वैशिष्ट्य तिच्यातील कॅल्शियम हे होय. बीट लाल असल्यामुळे रक्त वाढवते, हा समज निराधार आहे. त्याचा रंग लोहामुळे येत नाही. रक्तक्षय झाल्यावर केवळ आहाराने साठा भरून येणे अवघड असते, म्हणून आहार हा औषधाला पूरक समजावा.

प्रतिबंध

भारतात १९७० साली राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ ही मोहीम राबवली जाते. तिच्यात शाळकरी मुलांना आठवड्यातून एकदा, तर गर्भवतींना गर्भारपणात किमान १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याची तरतूद आहे. जंतनाशक गोळी, पादत्राणे व शौचालयाचा वापर यांनी कृमींना आळा बसतो. जन्मानंतर बाळाची नाळ एक ते तीन मिनिटांनी कापल्यास बाळाला अधिक लोह मिळते.

इतिहास

आयुर्वेदात पांडुरोगाचे वर्णन आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय असून उपचारांत लोह व मंडूर यांच्या कल्पांचा उल्लेख आहे. मात्र पांडुरोग ही संज्ञा व्यापक असल्याने ती आजच्या लोहाभावाशी तंतोतंत जुळत नाही. युरोपात सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने लोहाचा वापर सुचवला. १८३२ साली फ्रान्समधील प्येर ब्लो यांनी लोहाच्या गोळ्यांचा उपचार प्रसिद्ध केला.

रक्तक्षयाच्या अभ्यासात मुंबईचेही स्थान आहे. १९२८ साली ब्रिटिश संशोधक लूसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांमधील एका वेगळ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्यात तांबड्या पेशी लहान न होता मोठ्या होत. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. गर्भवतींना आज दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला ते असते.

हेसुद्धा पहा

• हिमोग्लोबिन
• फॉलिक आम्ल
• सिकलसेल
• थॅलॅसेमिया
• कुपोषण