कुंची, टोपडे आणि पानशेतचे पाणी

पानशेत हे नाव काढले की जुन्या पुणेकराच्या मनात अजूनही पहिल्याने पूरच येतो. 12 जुलै 1961 चा तो बुधवार. आंबी नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाचे काम पुरते संपलेले नव्हते, तोच पावसाचे पाणी साठले, आणि जवानांनी वाळूच्या पोत्यांनी तो बांध धरून ठेवण्याची शिकस्त केली तरी सकाळी धरण फुटले. पाठोपाठ एकोणिसाव्या शतकातले खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठचे वाडे बसले, माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्या दिवसाच्या हकिकती पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत आणि तसा तो दिवस होताच.

पण त्या पाण्यात आणखी एक गोष्ट गेली. तिचा पंचनामा झाला नाही, होण्यासारखी ती नव्हतीच. माजघरातल्या ट्रंकांच्या तळाशी, कडुलिंबाचा पाला घालून, जुन्या पंचात बांधलेली गाठोडी असत. त्यांत खणाची कुंची, मण्यांच्या मनगट्या, आजीने शिवलेले झबले, कुणा पोराच्या पहिल्या संक्रांतीचे काळे अंगडे ठेवलेले असे. बाजारात त्यांची किंमत शून्य. मात्र घरातल्या तीन-तीन पिढ्या त्या एका गाठोड्यातून रांगत बाहेर आलेल्या असत. आज दिवाळीच्या निमित्ताने या गाठोड्याचा इतिहास आपण उलगडून पाहू.

इतिहास म्हटला की आपली नजर किल्ल्यांकडे जाते, आणि पानशेतच्या परिसरात ती जावी यात नवल नाही. धरणाच्या दक्षिणेला डोंगराची रांग ओलांडली की तोरणा आणि राजगड उभे आहेत. याच मुलखाने एका बाळंतिणीची आणि तिच्या बाळाची हकिकत जपून ठेवली आहे. संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 चा, पुरंदरावरचा. सईबाईंची प्रकृती साथ देईना, तेव्हा आजच्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळची धाराऊ गाडे बाळाची दूधआई झाली. दोन वर्षांनी, 5 सप्टेंबर 1659 रोजी, सईबाई राजगडावर वारल्या. तारखा आहेत, नावे आहेत, धाराऊचे गावदेखील आहे. पण त्या बाळाच्या डोक्यावर टोपडे कोणी घातले, ते कोणत्या कापडाचे होते, त्याला कोणाच्या हातचा टाका होता, हे कुठल्याच कागदाने सांगितले नाही. राजाच्या मुलाची ही गत, मग रयतेच्या पोरांची काय कथा!

याचे एक कारण साधे आहे. बाळाचे कपडे टिकण्यासाठी केलेले नसतातच. बखरी उरतात, तलवारी उरतात, जुनेर उरत नाही. आणि मावळातल्या मुलाचे पहिले वस्त्र जुनेराचेच असे.

हे जुनेर म्हणजे दारिद्र्याची खूण असे कोणी समजू नये. त्यामागे पक्के शहाणपण होते. नवे कापड खळीचे, कडक. नवजात मुलाच्या कातडीला ते खुपते, घाम टिपत नाही. शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे मात्र सायीसारखे मऊ होते. म्हणून अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवे कापड लावीतच नसत. आजीचे लुगडे विरले की त्याचा धड भाग निघे बाळोत्यांसाठी आणि दुपट्यासाठी, काठाच्या पट्ट्या निघत टोपड्याचे बंद करायला, उरलेल्या लांब पट्टीने बाळंतिणीचे पोट बांधायचे, एक फडका तिच्या कानांना. त्यातूनही ज्या चिंध्या उरत, त्या कोंबून चिमण्या नि राघू होत आणि त्यांचे चिमणाळे पाळण्यावर डोलू लागे. नऊ वारांतले बोटभर कापडही वाया जात नसे.

भात लावणीच्या दिवसांत तर या वस्तूंची खरी परीक्षा. मावळातला पाऊस म्हणजे चेष्टा नव्हे. आई डोक्यावर इरले घेऊन चिखलात वाकलेली आणि पोर घरात, आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. घोंगडी बाळाला बोचते, म्हणून घोंगडीच्या आत दुपटे हवे. दुपटे म्हणजे धाकटी गोधडीच. जुन्या कापडाचे चारपाच थर एकावर एक अंथरायचे, चारी कडा दुमडायच्या आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत धावदोरा घालीत मध्यावर यायचे. टाका लहान हवा, नाहीतर मुलाचे बोट अडकते. गाठ थराच्या आत दडवायची, नाहीतर ती अंगाला रुतते. हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. दुपारच्या निवांत वेळी ओटीवर बसून सासू सुनेला दाखवी, एवढेच.

दुपट्यावर ज्याचा मान, ती कुंची. टोपडे नुसते डोके झाकते. कुंची डोके, कान, मान आणि पाठ झाकून खाली घोळदार उतरते. ती करायची खणाची. खण हा मूळचा चोळीचा. गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रात शतकभराहून अधिक काळ चालत आले आहेत. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले ते गाव पूर्वी मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यात होते. दोन्हीकडे उठून दिसणारे काठ आणि मध्ये बारीक बुट्ट्या, अशी या कापडाची ठेवण. ओटीत आलेला खण चोळीला कमी पडला की कुंचीला पुरे. रीत अगदी सोपी आहे. काठ चेहऱ्याभोवती येईल असा खण दुमडायचा, मागची बाजू शिवून टोक काढायचे, मानेशी चुण्या घालायच्या, आतून जुन्या मलमलीचे अस्तर लावायचे म्हणजे जरीचा धागा कपाळाला लागत नाही. टोकाला गोंडा, कडेला मोती किंवा गोट, हनुवटीखाली बंद. एका दुपारचे काम! बारशाला बाळ त्यात बसले म्हणजे काळेसावळे पोरही राजबिंडे दिसे.

बाळंतविडा या शब्दाखाली हा सगळा पसारा येई. माहेरचे आणि आप्तेष्ट बाळबाळंतिणीसाठी जे नेत, तो बाळंतविडा. त्यात झबली, टोपडी, लाळेरी, पायमोजे आणि डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी. शेजारी बाळंतिणीसाठी डिंक, अळीव आणि खोबरे. देणारी बाई श्रीमंत असो वा गरीब, निदान एक वस्तू तिच्या हातची असावी असा संकेत होता.

आता अलंकार. सोनेचांदी ज्यांच्याकडे होती त्यांनी वाळे-बिंदल्या घडवल्या. पण घरी होणारे दागिने सर्वांचे होते आणि ते फार सुंदर होते. काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या दृष्ट लागू नये म्हणून. डोहाळजेवणाला गर्भारशीची फुलांची वाडी भरत, तेव्हा जाई, मोगरा, शेवंती जे त्या ऋतूत फुलेल त्याचा मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्टा शेजारणी मिळून गुंफत. संध्याकाळपर्यंत तो दागिना कोमेजे; त्याचे कोणाला वाईट वाटत नसे.

आणि संक्रांतीचा हलवा! तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद शेगडीवरच्या परातीत घ्यायचा, त्यावर साखरेच्या पाकाचा एकेक चमचा सोडायचा आणि बोटांनी सारखे हलवीत राहायचे. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की रंग जातो. पहाटेची कोरडी थंडी लाभली म्हणजे दाण्यादाण्यावर काटा फुटतो. हे काम दोनतीन दिवस चाले आणि करणारीच्या बोटांची साले निघत. मग तो हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनेसाठी तन्मणी, बांगड्या, मंगळसूत्र, आणि बोरनहाणाच्या बाळासाठी मुकुट, हार, बासरी. काळ्या चंद्रकळेवर आणि काळ्या झबल्यावर तो पांढरा शुभ्र दागिना जितका खुलतो तितके सोने खुलत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती कलेत दोन पाहुणे आले, शिवणाचे यंत्र आणि लोकरीच्या सुया. मिशनच्या मुलींच्या शाळांतून विणकाम शिकवले जाई, ते हळूहळू वाड्यांत शिरले. 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे शिवणकाम शिकलेल्या कित्येक विधवा व परित्यक्ता त्याच सुईदोऱ्यावर स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. ज्या टाक्याला घरात कोणी मोल देत नव्हते, त्याला मजुरी मिळू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे स्त्रियांच्या मासिकांतून नमुने छापून येऊ लागले आणि पुण्याच्या पेठेत विणलेला टोपरा सुट्टीत पाहुणी आलेल्या मुलीबरोबर भोर-वेल्ह्याच्या खेड्यात पोचला.

असा हा वारसा 1961 च्या पुरापर्यंत आला. पाणी ओसरल्यावर पुण्यातल्या घराघरांसमोर चिखलाने माखलेले कपडे पडले होते. त्यात लुगडे कोणते, कुंची कोणती, हे ओळखू येत नव्हते. आमच्या घरची ट्रंकही गेली. पण घराण्यातली चार पिढ्यांची कुंची वाचली. ती ट्रंकेत नव्हतीच. एका नात्यातल्या बाळंतिणीने बारशासाठी ती साताऱ्याला मागून नेली होती आणि परत पाठवायला विसरली होती. त्या विसरण्याबद्दल आमच्या आजीने तिला पूर्वी पुष्कळ बोल लावले होते, नंतर तीच आजी म्हणे, “तिने विसरून माझ्यावर उपकारच केले.”

आणि पुण्याचे दुःख आठवताना आंबीचे खोरे विसरू नये. शहरातल्या ट्रंका पाण्याने एका दिवसात नेल्या. खोऱ्यातल्या गावांनी धरणासाठी आपली घरेच सोडली होती. ज्या आढ्यांना झोळ्या टांगल्या, ती आढी उतरली. धरण पुढे पुन्हा बांधले गेले. त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात आणि पुणे आज त्याचे पाणी पिते. त्या पाण्याखाली कितीतरी ओट्या आहेत, जिथे सासूने सुनेला पहिला धावदोरा दाखवला असेल.

अशा वस्तू जपणारा एक माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. दिवे, अडकित्ते, वज्र्या, करंडे अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि त्या संग्रहालयाला बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. बाजीराव रस्त्यावरच्या त्या वास्तूत फिरताना मनात येते, एका हरवलेल्या मुलासाठी एका बापाने सबंध महाराष्ट्राचे घर जपून ठेवले. पण सगळीच गाठोडी संग्रहालयात मावत नाहीत. बाकीची आपण सांभाळायची.

सांभाळायची म्हणजे कपाटात कुलूपबंद करायची नव्हेत. आमची कुंची वाचली ती वापरात होती म्हणून. तेव्हा या दिवाळीत घरात बाळ असेल, यायचे असेल, तर आजीला विचारून एक दुपटे घाला, एक कुंची शिवा. वेळ नसेल तर लाळेरे तरी. आजचे डॉक्टर सांगतात तेवढे मात्र ऐकावे. बाळाच्या गळ्यात दोरा घालू नये, सुटे मणी आणि हलवा त्याच्या हाती लागू देऊ नये, बारसे आटोपले की बंदाची कुंची उतरवून ठेवावी, मोहरीची उशी आठवणीपुरतीच असू द्यावी आणि निजलेल्या बाळाजवळ उशी-पांघरुणांचा ढीग नसावा.

आणि एक काम विसरू नका. अस्तराच्या आतल्या बाजूला दोऱ्याने शिवणारणीचे नाव आणि साल घाला. धाराऊचे नाव इतिहासाला कळले, टोपडे शिवणारीचे कळले नाही. तुमच्या घरापुरती ती चूक दुरुस्त करायला सुई आणि वीतभर दोरा पुरे.