२५ मीटर पिस्तूल (नेमबाजी)
या क्रीडाप्रकारातील पिस्तूल ५.६ मिलिमीटर व्यासाचे व सामान्यतः अर्धस्वयंचलित असते; पुढची गोळी आपोआप नळीत चढते, चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

उंची पिस्तुलासाठी जादा पैसे मोजावेत का, हा प्रश्न नियमांपाशी येऊन थांबतो. वजन १,४०० ग्रॅमपेक्षा अधिक नको व चापाने किमान १,००० ग्रॅम भार पेलावा, ही बंधने सर्वांना सारखीच. म्हणजे पैशाने हलका चाप विकत मिळत नाही. दर वेळी तितक्याच दाबाला सुटणारा चाप आणि हाताच्या ठेवणीप्रमाणे जुळवलेली मूठ मिळते. वेगवान फेरीत लक्ष्य ३ सेकंदच समोर असते, तेथे हा फरक कसलेल्या नेमबाजाला जाणवतो. नवशिक्याने तोच पैसा सरावाच्या गोळ्यांवर खर्चिलेला बरा.