चौका, फरशी आणि मुंगी



महाराज किंवा माताजी गावात आले की आपण सहज म्हणतो, "यंदा आमच्याकडे चौका आहे." चौका म्हटलं की डोळ्यांपुढे येतात शोधाचे कपडे, गाळलेलं पाणी, पहाटेपासूनची धावपळ. पण मुळात चौका म्हणजे जमीनच. सारवून शुद्ध केलेला चौकोन, त्याच्या आत स्वयंपाक आणि बाहेरचा पाय आत नाही. शब्द तोच राहिला. त्या शब्दाखालची जमीन मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चार-पाच वेळा बदलली.

इतवारीकडची जुनी घरं आता भराभर पाडून नवी होताहेत, त्यामुळे "फरशी कोणती टाकू?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. दुकानदार रंग, चमक आणि भाव सांगतो. आपल्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी त्याच्या कॅटलॉगमध्ये नसते. या जमिनीवर चालणारी मुंगी दिसते का? आपल्या घरातल्या जमिनीचा इतिहास मी याच प्रश्नाच्या धाग्याने सांगणार आहे.

आधी सारवण. इतवारी, महाल, परवारपुरा इथली जुनी घरं माती, चुना आणि सागवानाची. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आत मुरमाची भर घालायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि वर शेणामातीचा हात फिरवायचा. शेणाला आपल्या शास्त्रात जागा आहे का, असं नव्या मुली विचारतात. आहे. अकलंकदेवांनी राजवार्तिकात लौकिक शुद्धीचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात माती आणि गोमय दोन्ही मोजलेत. पण लौकिक शुद्धी एक आणि जीवदया दुसरी, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. शिळ्या शेणात किडे होतात. म्हणून शेण ताजंच हवं, ते आधी उजेडात हाताने फोडून बघायचं, थर पातळ द्यायचा आणि ऊन तापायच्या आत सारवून मोकळं व्हायचं, म्हणजे दुपारपर्यंत जमीन कोरडी. आमच्या आजेसासूबाई चातुर्मासात आतल्या खोल्या सारवायच्याच नाहीत. ओल दिवसदिवस हटायची नाही आणि ओल्या जमिनीत जीव धरतात, हे त्यांचं कारण.

त्या जमिनीचं कौतुक मी ऐकत आले, पण कौतुक करणाऱ्यांत सारवणारे हात कमी असतात. गुडघ्यांवर बसून सरकत सरकत चार खोल्या, तेही आठवड्यातून दोनदा. बोटांना भेगा, त्या भेगांत शेण. शिवाय सारवलेल्या जमिनीच्या पोपड्यांत मुंग्या घर करतात, आणि मातीच्या रंगावर मातीच्याच रंगाची मुंगी दिसणार कशी? तेव्हा सारवण गेलं म्हणून मी हळहळत नाही.

मग आली शाहाबादी. शाहाबाद गुलबर्ग्याकडचं, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. तिथला चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, त्यामुळे फार न तासता फरशी मिळते. मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूर, शाहाबादवरून १८७१ मध्ये रायचूरला पोचली आणि हा दगड लांबलांबच्या गावी जायला लागला. नागपूरला रेल्वे त्याआधीच, १८६७ मध्ये आलेली होती. करडी, एकरंगी, पायाला गार. तिच्यावर काळी मुंगी अगदी स्पष्ट दिसत नाही, पण दिसते. तिची खोड सांध्यांत. दगड सारख्या मापाचे नसत, सांधे रुंद राहत, त्यातला चुना झिजला की पीठ, साखर, तुपाचा ओघळ तिथे जाऊन बसायचा, आणि त्याच्यामागे मुंग्या. सांधे वेळच्या वेळी भरून घेतले तर शाहाबादी दोन पिढ्या सहज जाते. कोटा दगडाबद्दलही जवळजवळ हेच म्हणता येईल. तो राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या बाजूचा, जास्त घट्ट, घोटून पॉलिश केला की हिरवट निळा दिसतो. आपल्याकडे जिने आणि गॅलऱ्या बहुतेक त्याच्याच.

नक्षीच्या सिमेंट टाइल्सची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिच्यात आपला जुना मध्यप्रांत येतो. हिंदुस्थानात सिमेंटचे पहिले यशस्वी कारखाने निघाले ते पोरबंदरला १९१४ मध्ये आणि कटनीला १९१५ मध्ये. कटनी तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मध्यप्रांताची राजधानी होती नागपूर. त्याआधी श्रीमंतांच्या बंगल्यांत विलायतेहून आलेल्या मिंटनच्या टाइल्स बसत. १९२२ मध्ये मुंबईत सिधवा घराण्यातल्या फिरोजशा आणि रुस्तम यांनी स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्सचा कारखाना काढला आणि तशी नक्षी देशातच होऊ लागली. ही टाइल भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, मागे साध्या सिमेंटचा थर देतात, प्रेसखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. जुन्या घरांच्या दिवाणखान्यात लाल-काळी-पिवळी फुलं दिसतात ती हीच. वर्षानुवर्षं पायांनी घासून त्यांना जी मऊ चमक येते ती कुठल्याही पॉलिशने येत नाही. मात्र दाट नक्षीत मुंगी हरवते. आमच्या सासूबाईंनी याचा विचार केला असावा, कारण आमच्या जुन्या घरात नक्षी दिवाणखान्यापुरतीच होती. स्वयंपाकघरात साधी पिवळी टाइल आणि कडेला एक काळी पट्टी.

साठ-सत्तरच्या दशकात मोझॅक आलं, म्हणजे सिमेंटमध्ये मार्बलच्या चिपा घालून मशीनने घोटलेली टाइल. स्वस्त आणि मजबूत, डाग लपवणारी. आपली अडचण तिथेच आहे. जी जमीन डाग लपवते ती जीवही लपवते. ठिपक्याठिपक्यांच्या त्या जमिनीवर मुंग्यांची रांग जाते आणि आपण वर पाय देऊन पुढे जातो.

आता मार्बल. मंदिरजीत मार्बल, म्हणून घरातही मार्बल, अशी आपल्या समाजात ओढ आहे. परंपरा मोठीच आहे. अबूवरची विमल वसही १०३१ ची, लूण वसही १२३० ची. या दोन तारखांच्या मधल्या काळात हेमचंद्राचार्य होऊन गेले. त्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितलेत. त्यात स्फोटजीविका आहे, म्हणजे विहिरी-तळी खणणं, शिळा फोडणं. अंगारजीविकाही आहे, म्हणजे भट्टीची कामं, विटा भाजणं. आपल्या दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनीही तेराव्या शतकात सागारधर्मामृतात असेच पंधरा खरकर्म मोजले. (आशाधर बघेरवाल होते, हे कारंज्याकडच्या मैत्रिणींना मी सांगायला नको.) जमीन फोडताना पृथ्वीकायिक जीवांचा घात होतो, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकतो.

मग फरशीच घेऊ नये का? शास्त्रातला निषेध त्या धंद्यावर पोट भरण्याचा आहे, राहत्या घराचा नाही. पण तेवढं म्हणून मला गप्प बसवत नाही. मकराण्याचा मार्बल घ्या, कोटा घ्या, की भट्टीतून आलेली टाइल घ्या, कुठेतरी खाण किंवा आग आहेच. अगदी भट्टीत न गेलेल्या सिमेंट टाइलमधलं सिमेंट भट्टीतूनच आलेलं असतं. निर्दोष फरशी बाजारात मिळत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की एकदा टाकलेली जमीन पन्नास वर्षं टिकवायची, दर पंधरा वर्षांनी फॅशन बदलली म्हणून धडधाकट फरशी ब्रेकर लावून उखडायची नाही. माझ्या मते मोझॅक असलेल्या घरात नवं घेण्याआधी तेच घोटून बघावं. मुंगीची अडचण राहते, म्हणून फक्त स्वयंपाकघराची आणि देवघराची जमीन बदलावी.

मार्बल घेणारच असाल तर त्याचा स्वभाव ओळखून घ्या. मार्बल, कोटा, शाहाबादी हे तिन्ही मुळात चुनखडीचे. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी सांडून राहिलं की तिथली चमक जाते. तो डाग नसतो, दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. बाथरूमचं ॲसिड या दगडांना कधीच लावू नये. हळद आणि तूप मार्बल पिऊन घेतो. मुंग्या वळवायला आपण हळदीची रेघ ओढतो, ती पांढऱ्या मार्बलवर नको, त्यापेक्षा कापूर ठेवा. रोजच्या पोछ्याला गाळलेलं साधं पाणी पुरतं, फिनाइल तर नाहीच. आधी मऊ झाडूने हलक्या हाताने केर काढायचा, मग चांगला पिळलेला पोछा. मार्बलचा मोठा गुण मात्र मान्य करायला हवा. फिकट मार्बलवर बारीकशी मुंगीसुद्धा दुरून दिसते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मंदिरजीच्या उघड्या परिक्रमेत कोट्यापेक्षा पांढरा मार्बल पायाला कमी भाजतो.

व्हिट्रिफाइड टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीच्या. साधारण १२०० अंशांवर भाजलेल्या, त्यामुळे अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाहीत. लिंबाला, हळदीला दाद देत नाहीत, सांधे अगदी बारीक. पाठदुखीच्या बायकांसाठी ही जमीन म्हणजे सुटकाच आहे, आणि ते मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. पण आरशासारखी चमक घेऊ नका. आपण घरात अनवाणी चालतो, पाण्याचा थेंब पडला की म्हातारी माणसं घसरतात. दुसरं म्हणजे, चमक बघून जमीन स्वच्छच आहे असं मन धरून चालतं आणि खाली बघणं सुटतं. ईर्यासमिती मुनींची खरी, पण घरात चार हात पुढे बघून चालायला आपल्यालाही कुणी अडवलेलं नाही. मॅट, फिकट, एकरंगी टाइल मागा. दुकानदार ग्रॅनाइटसारखी ठिपक्यांची पुढे करील, ती नको म्हणा. आणि टाइलच्या भावात घासाघीस करण्याआधी मिस्त्रीला खालची भर नीट चोपायला लावा. काळ्या मातीवर ती बसली नाही तर महागातली टाइलही दोन पावसाळ्यांत पोकळ वाजते.

आता अंगण आणि गच्ची. तिथे मुंगीपेक्षा लील मोठी. शेवाळ म्हणजे साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव. एकदा धरलं की ना त्यावरून चालता येत, ना ते खरवडता येत. म्हणून ते धरूच नये अशी तजवीज आधी करायची. आषाढातल्या अष्टाह्निकेच्या आत, पाऊस बसण्यापूर्वी, अंगणाचे सांधे भरून घ्यायचे, जिथे पाणी साचतं तिथे उतार काढून घ्यायचा, येण्याजाण्याच्या वाटेवर चुन्याचा हात द्यायचा. आणि कूलर. नागपूरच्या घरात चार महिने कूलर चालतो, त्याच्या खालची फरशी पाझरून कायम ओली राहते आणि पहिली लील बहुतेक तिथेच दिसते. टाकीखाली ट्रे ठेवा, गळणारी तोटी बदला, आणि मृग लागायच्या सुमारास कूलर बंद करून उचलला की ती जागा दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्या.