बुटक्यांचा सुधारणावाद (डिस्कवर्ल्ड)

इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या ४१ कादंबऱ्यांच्या मालेतील ‘बुटके’ (ड्वार्फ) या काल्पनिक वंशाच्या समाजात उदयास आलेला विचारप्रवाह. त्यास कोणी एक प्रवर्तक नाही, सूत्रग्रंथ नाही, मठही नाही. आंख-मॉरपॉर्क या महानगरात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या बुटक्यांच्या आचारातून तो प्रथम प्रकट झाला आणि विचाराचे रूप त्यास मागाहून लाभले. तथापि बुटका कोणास म्हणावे, या एकाच प्रश्नाभोवती त्याची सारी मांडणी फिरत असल्याने त्यास दर्शनाचा दर्जा देणे अनुचित ठरणार नाही.

ज्या परंपरेतून तो निपजला, तिचा पाया ‘क्रुक’ हा खाणकायदा होय. नाव खाणीचे असले तरी मालकी, वारसा, विवाह, हद्दीचे तंटे असा बहुतेक सर्व व्यवहार त्याच्या कक्षेत येतो, आणि त्यातील फिर्यादींचा अखेरचा निवाडा उबरवाल्ड मुलखातील ‘लो किंग’ करतो. जे जितके खोल ते तितके श्रेष्ठ, असे मानणाऱ्या लोकांच्या अधिपतीस ‘लो’ म्हणजे ‘खालचा’ हे बिरुद असावे, हे त्यांच्या दृष्टीने यथोचितच आहे. धर्मशास्त्राचे जाणकार म्हणजे ‘ग्रॅग’. त्यांच्यातील कट्टर पंथ सूर्यप्रकाश निषिद्ध मानतो, भूपृष्ठावर येणे भागच पडले तर जाड चामडी झग्यात सर्वांग झाकून घेतो, आणि शहरात उजेडी वावरणाऱ्यांना बुटके म्हणावयासही तयार नसतो.

पहिला संघर्ष लिंगभेदावरून उद्भवला. स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक बुटक्यास दाढी, शिरस्त्राण आणि पुल्लिंगी सर्वनाम. त्यामुळे प्रणयाराधनेचा बराचसा काळ समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे अदबीने जाणून घेण्यातच खर्ची पडतो. ‘फीट ऑफ क्ले’मध्ये (१९९६) शहराच्या पहारा-दलात रसायनांची जाणकार म्हणून दाखल झालेली चीरी लिटलबॉटम ओठांस लाली लावते, कानांत डूल घालते, पुढे घागरा आणि उंच टाचांची पादत्राणेही वापरू लागते, परंतु दाढी काढण्याचा अथवा शिरस्त्राण उतरविण्याचा विचार तिच्या मनास शिवतही नाही. या प्रवाहाचे मर्म येथेच आहे. स्त्री म्हणून ओळखले जाण्यासाठी बुटकेपण सोडावे लागते, हा कट्टरांचा सिद्धांत तिला मुळातच अमान्य आहे.

तात्त्विक दृष्ट्या सर्वांत समृद्ध ग्रंथ म्हणजे ‘द फिफ्थ एलिफंट’ (१९९९). राज्याभिषेकासाठी अवश्य असलेला ‘स्कोन ऑफ स्टोन’ हा दगडासारखा कठीण पवित्र पाव नाहीसा होतो, आणि त्यामागे दरबारातील डी ही अधिकारी असल्याचे अखेर उघडकीस येते. राजाचे अन्न चाखून पाहणारा असावा तशी राजापुढे येणाऱ्या कल्पना पारखणारी ही व्यक्ती स्वतःच स्त्री असून आयुष्यभर ते लपवीत आलेली असते, आणि जे आपणास नाकारले गेले ते चीरीसारख्यांनी उघडपणे मिरवावे, हे तिला सहन होत नाही. सनातनी क्रोधाचे मूळ पुष्कळदा दडपलेल्या आकांक्षेत असते, याचे इतके सहृदय चित्रण क्वचितच आढळेल. भावी राजा र्‍हिस र्‍हिसन त्या स्कोनविषयी जो युक्तिवाद करतो, तो पिढीजाद कुऱ्हाडीचा आहे : पाते बदलले, दांडा बदलला, तरी कुऱ्हाड घराण्याचीच राहते. मिलिंदप्रश्नातील नागसेनाचा रथ येथे आठवल्यावाचून राहत नाही. मात्र नागसेन अवयवांचे पृथक्करण करून ‘रथ’ ही केवळ संज्ञा उरते असे दाखवितो, तर र्‍हिस अवयव पालटत असतानाच कुऱ्हाडीचे सातत्य प्रतिपादितो. परंपरा दुरुस्त केली म्हणून ती खोटी ठरत नाही, हा सुधारकांचा मुख्य आधार यातूनच सिद्ध होतो.

‘थड!’मध्ये (२००५) वाद इतिहासाकडे वळतो. कूम दरीत बुटके आणि ट्रोल या दोन वंशांचे प्राचीन युद्ध झाले, आणि त्या वैरावर कट्टरांची सारी सत्ता उभी होती. परंतु दोन्ही पक्षांचे राजे तेथे तह करण्यासाठी आले होते, असे सांगणारा प्राचीन ध्वनी एका घनाकृती यंत्रात सापडतो. लिखित शब्द पवित्र मानणाऱ्या समाजाचे धर्मरक्षकच तो ध्वनी ऐकणाऱ्या खाणकामगारांचे प्राण घेतात आणि ते वचन नष्ट करू पाहतात. याच कादंबरीतील बॅशफुलसन हा ग्रॅग असूनही शहरवासी बुटक्यांत मोकळेपणे वावरतो; शास्त्राचा अधिकार केवळ कट्टरांच्या हाती राहत नाही, हे त्याच्यामुळे स्पष्ट होते.

‘रेझिंग स्टीम’मध्ये (२०१३) कट्टर ग्रॅग संदेशवहनाचे मनोरे आणि नवी रेल्वे यांवर हल्ले करतात व राजाच्या अनुपस्थितीत तख्त बळकावतात. आगगाडीने परतून ते पुन्हा हस्तगत केल्यावर र्‍हिस आपण राणी असल्याचे सर्वांसमक्ष जाहीर करते. त्यासाठी ती नवा कायदा करीत नाही. ज्या क्रुकनुसार इतकी वर्षे फिर्यादींचे निवाडे दिले, त्याच क्रुकनुसार ती पुढेही राज्य करते.