लेहचे मोरावियन चर्च आणि बोलीचा प्रश्न

लेहला गेलेला मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, गोम्पा पाहतो आणि परततो. मोरावियन चर्चकडे मी मुद्दाम वळलो, कारण या पंथाचा मराठीशी एक दूरचा धागा आहे. विल्यम कॅरीने १७९२च्या आपल्या पुस्तिकेत मिशनकार्याचा दाखला म्हणून मोरावियनांकडे बोट दाखवले होते. त्याच कॅरीने १८०५मध्ये बंगालमधल्या सेरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले.

पंथ यान हुसच्या परंपरेतला. छळामुळे परागंदा झालेल्या काही मोरावियन कुटुंबांना १७२२मध्ये सॅक्सनीतल्या काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर आसरा मिळाला आणि हेर्नहुट हे गाव वसले. तिथे चिठ्ठ्या काढून वर्षाच्या प्रत्येक दिवसाचे बायबलवचन ठरवतात. ही दिनवचने १७३१पासून छापली जातात. ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जमतात. तिथल्या शिळा आडव्या, एकसारख्या. काउंट आणि सुतार यांच्यात भेद नको म्हणून.

हेडे आणि पागेल हे दोघे खरे तर मंगोलियाला निघाले होते. वाट मिळाली नाही, म्हणून १८५६मध्ये त्यांनी लाहौलमधल्या केलाँगला ठाणे केले. लेहचे केंद्र १८८५चे. धर्मांतरे थोडीच झाली. आजही हा समाज लहान आहे. पण लिहायचे कोणत्या भाषेत, हा त्यांना पडलेला प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. लडाखात पोथीची भाषा अभिजात तिबेटी आणि घरातली लडाखी. पोथीच्या पवित्र लिपीत चुलीपुढची बोली लिहिणे जाणत्यांना रुचत नसे. एकनाथांना संस्कृत कुणी केली आणि प्राकृत काय चोरांनी, असे विचारावे लागले होतेच की! आमच्या गंगाखेडच्या जनाबाईने तर त्याहीआधी दळणाकांडणाच्या बोलीत विठ्ठलाला हाक मारली.

केलाँगला शिळाछापाचा छापखाना होता. तिथे काम केलेल्या येश्केचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१मध्ये निघाला. फ्रांके बोलीच्या बाजूचा. त्याने लडाखी लोकगीते आणि म्हणी गोळा केल्या आणि १९०४मध्ये लेहला ‘लडाखचा अखबार’ काढला. ‘अखबार’ हा शब्द तिबेटी लिपीत बसवताना त्याला संकोच वाटला नाही, हे मला आवडते.

योसेब गेर्गन मात्र लडाखी असून बायबलसाठी पोथीच्या भाषेकडे वळले. मन फ्रांकेकडे झुकते, पण गेर्गन यांची अडचणही खरी होती. बोली खोऱ्याखोऱ्याला बदलते. ल्हासाच्या वाचकापर्यंत पोचायचे तर ग्रंथभाषेवाचून गत्यंतर नव्हते. संपूर्ण तिबेटी बायबल १९४८मध्ये लाहोरला छापून निघाले. गेर्गन १९४६मध्येच वारले होते. त्यांनी लिहिलेला लडाखचा इतिहास १९७६मध्ये मुलाने प्रसिद्ध केला. बोलीत लिहावे की नाही, हा वाद लडाखात अजून चालू आहे.